करडई एक कमी

“करडई एक कमी हाय! ओ मामा, करडई एक कमी हाय!”

वेरूळच्या लेण्यांसमोरच्या गाडीतळावर आमचा ड्रायव्हर रशीदभाई बसच्या पायरीवर उभा राहून बोंबलत होता. त्याच्या गळ्याचं काय सांगावं? गंगाखेडच्या स्टँडवर तो खाकरला तर तिकडं सोनपेठात चरणारी बैलं मान वर करतात. गाडीतळावरचे लोक जागच्या जागी थबकले. एका गोऱ्या जोडप्यानं लेण्यांवरचा कॅमेरा आमच्याकडं वळवला. शेजारच्या बसमधल्या एका शहरी ताईंनी फार काळजीनं मला विचारलं, “दादा, तेल संपलं का तुमचं?”

तेल भरपूर होतं. माणूस कमी होतं.

बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. गंगाखेडात टूरचं दुकान उघडलं तेव्हा मीही जगासारखी नावं घेऊनच हजेरी घ्यायचो. पण आमच्या भागात ‘बालाजी’ म्हणून हाक मारली की अर्धी बस ओ देते, आणि ज्याला हाक मारली तो बालाजी झोपलेला असतो. मग नंबर दिले. लोक नंबर विसरले, एकमेकांचे वापरले, एकानं तर जावयाला देऊन टाकला. शेवटी मी प्रत्येक कुटुंबाला एकेक पीक दिलं. आमच्या जिल्ह्यातलं माणूस स्वतःचं लग्न विसरेल, पीक विसरणार नाही. मी ओरडायचं “तूर?”, की तुरीच्या म्होरक्यानं ओरडायचं, “हाय, पाच!” उसावरून गंगाखेडकरांची दर टूरला भांडणं होतात. नवं जोडपं असलं की हळद राखून ठेवतो. सोयाबीन कुणीच घेत नाही. म्हणतात, भाव नसलेलं पीक घेऊन देवाच्या दारात कशाला जायचं?

त्या टूरला करडई म्हणजे दोन जीव. सोनपेठजवळच्या खेड्यातल्या सुभद्राकाकू आणि त्यांची सहा वर्षांची नात प्रज्ञा. पीक काकूंनी स्वतः निवडलं होतं. “करडई द्या मला. बांधावर करडई असली की गुरं आत शिरत न्हाईत. काटे असत्यात तिला.”

दोघींपैकी एक कमी होती. कोण, ते सांगतो. पण गडबड करू नका. पहिल्यापासून ऐकलं नाही तर गंमत जाते.

तर, दिवाळी नुकतीच उरकली होती. दुकानात मी आणि पंखा, दोघंच आवाज करत बसलो होतो. तेवढ्यात प्रज्ञाची आई आली. वैशालीताई, परभणीला एका हापिसात कारकून. नवरा पुण्याला कंपनीत, त्यामुळं पोरगी आजीपाशी गावात. ताई दर रविवारी जाऊन भेटायच्या. ताईंच्या मागं त्यांच्या सासू, सुभद्राकाकू. काकूंच्या मागं त्यांच्या पदराचा एक गोळा, आणि त्या गोळ्याला खाली दोन पाय.

“जयभीम मामा,” काकू म्हणाल्या.

“जयभीम काकू. आन् हे पाठीमागं काय बांधून आणलंय?”

गोळा अजून आत सरकला.

ताईंनी सांगितलं ते असं. वर्षभरापूर्वी सोनपेठच्या बाजारात पोरीचा हात सुटला. सापडली ती, बांगडीवालीच्या पालात, धक्का न लागता. पण त्या दिवसापासून तिनं आजीचा पदर सोडला नाही. पदराचं टोक मनगटाला गुंडाळून झोपते. आजी म्हशीची धार काढते तेव्हा ही पदर धरून उभी. अंगणवाडीत आजी दारात बसते, पदर आतपर्यंत. जूनमध्ये तिला पहिलीत घालायची आणि ताईंना ती परभणीला आपल्यापाशी न्यायची होती. काकू गाव सोडणार नव्हत्या; म्हैस होती, तुकडा जमीन होती.

“पदर सुटला न्हाई तर माझं लेकरू माझ्यापाशी येतच न्हाई मामा,” ताई म्हणाल्या. “कुणीतरी म्हणलं, फिरायला न्या, चार लेकरांत मिसळू द्या. एखादी बाग, झुकझुक गाडी, पाण्यातल्या घसरगुंड्या, असं काही बघा.”

आता इथं माझा धंदा सुरू होतो. लेकराची पहिली टूर निवडणं म्हणजे सोयरीक जुळवण्यापेक्षा अवघड काम आहे. सोयरीक चुकली तर माणूस निभावून नेतो. पहिली टूर चुकली तर ते लेकरू म्हातारं होईपर्यंत बस बघितली की ओकारी काढतं.

आईबापांना वाटतं, पहिलीच टूर, तर सगळा भारत एका दमात दाखवून टाकावा. माझ्याकडं रस्त्यांची कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार आला होता. चार वर्षांच्या पोराला एकाच फेरीत बारा ज्योतिर्लिंगं पाहिजेत म्हणाला. मी म्हणालो, “साहेब, दर्शनाच्या रांगेत पोराला देव दिसत न्हाई. पोराच्या उंचीवर माणसाच्या कमरा असतात. बारा ठिकाणी नेलंत तर त्याला बारा प्रकारचे बेल्ट दिसतील.” तो रागानं दुसऱ्याकडं गेला. ऐकतो की पोरगं आता बेल्टच्या दुकानात आहे. ते खोटं आहे, पण शोभून दिसतं म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट, जागेपेक्षा सोबत महत्त्वाची. बसमध्ये एक तरी आजी अशी लागते जिच्या पिशवीचा तळ सापडत नाही. लेकराच्या वयापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठं दुसरं पोर लागतं. बरोबरीचं नको, भांडतात. आणि गाणाऱ्या काकांना मागच्या सीटवर बसवावं लागतं.

पण खरी किल्ली वेगळीच. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती; आता गुडघे बोलायला लागलेत, तर सांगून टाकतो. लेकराला विचारायचं, तू आजपर्यंत सगळ्यात मोठं काय पाहिलंस? ते जे सांगेल, त्याच्या एकच पायरी वरचं दाखवायचं. फार वरचं दाखवलं तर ते लेकराच्या डोळ्यांत मावतच नाही. सोनपेठच्याच एका पोराला बापानं हट्टानं थेट समुद्र दाखवायला लावला. पोरगं आमच्या तलावाच्या पलीकडं गेलेलं नव्हतं. वाळूवर उभं राहून त्यानं मला एकच विचारलं, “मामा, मोटार कितीची बसवलीय?” समुद्र वाया गेला.

आता तर मोबाईल आले. लेकरं जायच्या आधीच सगळं बघून बसलेली असतात. बोट दाखवलं की म्हणतात, “हे पाहिलंय.” मोठी वस्तू वीतभर काचेत आणून लहान करून ठेवली माणसानं. माझ्या धंद्याचं त्यानं नुकसान केलं ते केलंच, पण लेकरांचा ‘आ’ गेला त्याचं वाईट वाटतं. असो.

मी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसलो. पदराच्या गोळ्याला विचारलं, “बाई, तू सगळ्यात मोठं काय बघितलंस?”

ताई सुचवायला लागल्या, “सांग ना, कारखान्याची चिमणी...” मी हात वर करून त्यांना थांबवलं. मग पदरातून आवाज आला.

“आमची म्हैस.”

घरापासून दुकानापर्यंत साखर कारखान्याची चिमणी लागते, गोदावरीवरचा पूल लागतो. पण पोरीच्या हिशेबी मोठं म्हणजे आपल्या शेजारी उभं राहून आपल्यापेक्षा मोठं असलेलं. मला घाम फुटला. एवढ्या वर्षांत इतकं बरोबर उत्तर कुणी दिलं नव्हतं.

“ताई, ठरलं. वेरूळ.”

“दगडं बघायला?” ताईंचा आवाज चढला. “मामा, कामून थट्टा करायलाव? सहा वर्षांचं लेकरू हाय!”

“म्हशीच्या एक पायरी वर काय असतं?”

पदरातून बारीक आवाज आला, “हत्ती.”

“कैलास लेण्याच्या पोटाखाली हत्तींची रांग हाय. अख्खं देऊळ पाठीवर घेऊन उभे हाईत. हलत न्हाईत, ओरडत न्हाईत, हाकलत न्हाईत. लेकराला पाहिजे तितका वेळ बघू देतात. असा हत्ती जिवंतातला मिळायचा न्हाई.”

पदराच्या फटीत एक डोळा दिसला. मी तिकडं न बघितल्यासारखं केलं.

टूर निघाली थंडीत, मुक्कामाची. ताईंना सुट्टी मिळाली नाही. बसला निरोप द्यायला आल्या आणि बस दिसेनाशी होईतो उभ्या होत्या. वाटेत प्रज्ञा चिंच चोखत राहिली, पदर मनगटाला. जिथं बस थांबेल तिथं मी ओरडायचो, “करडई?” आणि काकू ओरडायच्या, “हाय, दोघी!” पोरीच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. तुरीतल्या आठ वर्षांच्या पोरीनं तिला खिडकी देऊ केली, तरी ही पदराच्या लांबीपलीकडं गेली नाही. मलाही वाटायला लागलं, या वेळी म्हशीवरचा माझा जुगार फसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्यांत शिरलो. मी आधी दहाव्या लेण्यात नेलं. तिथं आत दगडाचं छत आहे, पण त्याला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्यात, एकामागं एक. समोर बुद्ध बसलेले. काकूंनी चपला बाहेरच काढल्या होत्या; आत येऊन हात जोडून उभ्या राहिल्या त्या हलेनात. प्रज्ञानं वर बघितलं आणि पहिल्यांदा आपणहून बोलली, “आजी, म्हशीच्या पोटात आलाव आपण. बरगड्या बघ.”

काकूंना बसायचं होतं. पण तूर आणि कापूस पुढं पळत होते, मी “चला, चला” लावलेलं, आणि पदराला लेकरू. निघाल्या बिचाऱ्या, मागं बघत बघत.

मग कैलास.

मी तिथं किती वेळा गेलो असेन, मोजदाद नाही. दर वेळी दारातून आत येतो, आणि माझ्यासारख्या बडबड्याची जीभ टाळूला चिकटते. पुढं भाषण ठोकायचं असतं म्हणून ती सोडवावी लागते. मी सुरू केलं, “मंडळी, हे बांधलेलं न्हाई. डोंगर घेतला आन् वरून खाली कोरत आणला. आधी कळस, मग पाया. जगात सगळी घरं खालून वर बांधतात, आपल्या लोकांनी...”

“मामा,” काकू मधेच म्हणाल्या. लहानपणी दुष्काळात त्यांनी आईसंगं खडी फोडली होती. त्या भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवर हात फिरवत होत्या. “एवढा दगड फोडला, तर त्याची खडी टाकली कुठं?”

मी तोंड उघडलं. माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाला एक थाप तयार असते. त्या दिवशी नव्हती. मी वर बघितलं. जिथं आम्ही सगळे उभे होतो, ती सगळी पोकळी कधीकाळी दगडानं भरलेली होती. ऊन, हवा, आम्ही, पोपटांचा थवा, हे सगळं उकरून काढलेल्या जागेत होतं. “ठाऊक न्हाई काकू,” मी म्हणालो, आणि आमच्या पूर्ण बसनं एकदम वर बघितलं.

एकटी प्रज्ञा वर बघत नव्हती. ती समोर बघत होती.

हत्ती तिच्या शेजारी होता. तिच्यापेक्षा मोठा, तिच्या म्हशीपेक्षा मोठा, आणि पाठीवर डोंगर. तिनं एक पाऊल टाकलं, पदर ताणला गेला. अजून एक टाकलं. मनगटावरचा वेढा तिनं दुसऱ्या हातानं उलगडला, आपण चप्पल काढून ठेवावी इतक्या सहज, आणि गेली. हत्तीच्या पायाला कान लावला. मग पुढच्या हत्तीला. मग त्याच्या पुढच्या.

मी दबकत मागं गेलो. “काय ऐकायलीस बाई?”

“दम टाकायलेत का बघायले,” ती म्हणाली. “लय ओझं हाय.”

मी काकूंकडं वळलो. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे भरलेले. रिकामा पदर त्यांनी हळूच गोळा केला, जोरात ओढला तर लेकराला आठवण होईल अशा बेतानं, आणि एकेक पाऊल मागं सरकत खांबाआड गेल्या. मला वाटलं, तिथंच थांबतील. मी लेकराच्या मागं. प्रज्ञानं सगळ्या देवळाला फेरी मारली. प्रत्येक हत्तीचा दम बघितला. ज्यांच्या सोंडा तुटल्या होत्या, त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबली. तुरीतली पोरगी येऊन तिच्या शेजारी कान लावायला लागली, आणि प्रज्ञानं तिला जागा दिली.

असे आम्ही गाडीतळावर आलो, आणि हजेरी सुरू झाली.

“ज्वारी?” “हाय, चार!” “कापूस?” “हाय, सहा!” “करडई?”

माझ्या कमरेजवळून खणखणीत आवाज आला.

“हाय. एक.”

मी खाली बघितलं. प्रज्ञा. मोकळे हात, मोकळं मनगट. काकू कुठंच नाहीत. आणि तेवढ्यात रशीदभाईनं ती आरोळी ठोकली.

खरं सांगतो, काकूंची काळजी मला नंतर वाटली. आधी मी पोरीच्या तोंडाकडं बघत होतो. आता फुटणार, आता भोकाड पसरणार, वर्षभराचं सगळं पुन्हा अंगावर येणार, आणि जूनचं परभणी बुडणार. बसमधल्या बायका कानाला पदर लावायच्या तयारीत. तुरीचे काका म्हणाले, “बिस्कीट द्या कुणीतरी, पटकन!”

पोरीनं बिस्कीट घेतलं. खाल्लं. मग मला म्हणाली, “हरवलं की हलायचं न्हाई, असं आजीनं सांगितलंय. मंग आजी हलली नसंल.”

“पण कुठं हलली नसंल, बाई?”

“तिला जे आवडलं तिथं.” ती चालायलाच लागली. “बरगड्यात.”

ती पुढं, मी मागं, माझ्या मागं आपल्या आवाजाची लाज वाटून गप्प झालेला रशीदभाई. दारावरच्या माणसानं आम्हाला अडवायला हात वर केला आणि पोरीची चाल बघून तोच हात कपाळाला नेला. हे मात्र थाप नाही.

दहाव्या लेण्याच्या ओट्यावर पोचलो आणि आतून आवाज आला. काकू त्रिसरण म्हणत होत्या, ‘बुद्धं सरणं गच्छामि’. घरी रोज संध्याकाळी म्हणतात, त्याच साध्या, जरा बसक्या आवाजात. पण त्या दगडी बरगड्यांनी तो आवाज घेतला, एकीनं दुसरीला दिला, दुसरीनं तिसरीला, आणि परत येईपर्यंत तो एका म्हातारीचा राहिलाच नव्हता. जणू डोंगराच्या आत कितीतरी माणसं बसली होती आणि सावकाश, एकमेकांची वाट बघत, बोलत होती. रशीदभाईनं डोक्यावर रुमाल टाकला. आम्ही दोघं आरडाओरड करणारी माणसं, उंबऱ्याशी उभे राहिलो, आणि आत पाय टाकायची हिंमत होईना.

काकूंचं म्हणून संपेपर्यंत प्रज्ञाही हलली नाही. मग शेवटचा आवाज खांबांमागं विरला, आणि तिनं हाक दिली. अगदी माझ्यासारखी, कमरेवर हात ठेवून.

“करडई?”

करडई, करडई, करडई, असं सगळं लेणं म्हणालं.

काकू दचकल्या, वळल्या. आधी नातीकडं बघितलं, मग तिच्या मोकळ्या हातांकडं. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशाच बसून राहिल्या.

“हाय,” त्या म्हणाल्या. “हाय गं माय. दोघी.”

बसकडं परतताना काकू माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. “पदर हलका झाला मामा, आन् पाय आपलेच चालायला लागले. वर्षभरात एकटी मी कुठं बसले न्हवते. जरा टेकते म्हणलं, तर येळ कसा गेला कळलं न्हाई.” पुढं तुरीची आणि करडईची, दोघी पोरी हातात हात घालून चालल्या होत्या. काकू त्यांच्याकडं बघत होत्या आणि पदराचं टोक आपल्याच बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, गुंडाळत होत्या.

बसमध्ये सगळ्यांनी त्यांना हैराण केलं. रशीदभाई म्हणाला, “काकू, अगली बार तुमच्या गळ्यात म्हशीची घंटा बांधतो.” काकू लाजून हसल्या आणि पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून सगळ्यांची तोंडं बंद केली.

जूनमध्ये वैशालीताई दुकानात पेढे घेऊन आल्या. पोरगी परभणीला आली होती, शाळेत जायला लागली होती. मी म्हणालो, “बघा, दगडाचा हत्ती कामाला आला का न्हाई?” ताई हसल्या, पण डोळे पुसत हसल्या. गावाहून निघायच्या सकाळी त्यांचंच काळीज हललं म्हणे. दारात म्हैस, म्हशीपाशी सासू, रिकामा पदर कमरेला खोचलेला, तोंड दुसरीकडं केलेलं. ताईंना राहवलं नाही. त्यांनी प्रज्ञाला विचारलं, “आजीला पण घेऊन जायचं का गं संगं? ती नसली की तुला भ्या वाटंल.”

प्रज्ञा दप्तर पाठीला लावत होती.

“नको. आजी लय हरवती,” ती म्हणाली. “तिला घरीच राहू दे.”